वरच्या मजल्याचा सब-मीटर : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

फराळाच्या ताटावर विजेच्या बिलाचा विषय निघाला आणि यंदा तो करंजीबरोबर गिळला गेला नाही. मिरजेतलं आमचं घर दोन मजली. खाली दादाचं कुटुंब, माणसं पाच. वर आम्ही दोघं आणि पुढच्या खोलीत अण्णा. मीटर एकच, अण्णांच्या नावावर. बिल आजवर निम्मं-निम्मं. वहिनींचं म्हणणं, गीझर वर आहे. बायकोचं म्हणणं, दोन फ्रीज आणि पाण्याची मोटर खाली आहे. दोघींचंही खरं.

दोन वेगळी कनेक्शनं घ्यावीत, असं मी मागे एकदा सुचवलं होतं. अण्णा त्यावर आठवडाभर बोलले नव्हते. त्यांच्या लेखी दोन मीटर म्हणजे दोन चुली. सब-मीटरला, म्हणजे कंपनीच्या मीटरच्या पुढे घरातच बसवायच्या आपल्या मीटरला, त्यांची हरकत नाही. "आतल्या आत काय मोजायचं ते मोजा." तर आतल्या आत मोजायचं ठरलं.

स्वतःसाठी दोन नियम आधीच लिहून ठेवतो. वीज कंपनीचा मीटर, त्याचं सील आणि त्याच्या अलीकडचा कटआऊट यांना हात लावायचा नाही. ते आपलं नव्हे, आणि तिथे छेडछाड केली तर विद्युत कायदा २००३ खाली गुन्हा होतो. दुसरं, जोडणी परवानाधारक वायरमनच करणार. मी कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं मेंटेनन्सला काढली, पण ती यंत्रांची. पाईप मारणं, वायर ओढणं, चिठ्ठ्या लावणं आणि प्रश्न विचारून डोकं खाणं, एवढं माझ्याकडे. गल्लीतल्या सगळ्यांचे वायरमन एकच, त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते २० तारखेला येणार. मतदानाची सुट्टी आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज नुसतं बघितलं. काहीही उघडण्याआधी दोन तास बघण्यात घालवावेत असं माझं मत आहे, मामांचं नाही.

खालच्या बोर्डावर लोखंडी मेन स्विच, त्यातून दोन चिनी मातीचे किटकॅट (उपसून काढता येणारे फ्यूज). एक खालच्या मजल्याचा, एक वरच्याचा. खालचं घर १९८६ चं, वरचा मजला १९९८ चा, म्हणून वरच्या वायरी पट्टीवर बाहेरून गेलेल्या. वरच्या मजल्यासाठी फक्त फेज (वीज आणणारी वायर) किटकॅटमधून जाते. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सगळ्या घराची एकाच पितळी पट्टीवर बांधलेली. कुठली कुठून आली, कुठे गेली, काही खूण नाही. सगळ्या काळ्या.

वरचा लोड कागदावर मांडला. गीझर २०००, इस्त्री १०००, मिक्सर ५००, फ्रीज १५०, पंखे-दिवे-टीव्ही धरून ३०० वॅट. सगळं एकदम चाललं तर ३९५० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला १७ अँपिअरच्या थोडं वर. सकाळी साडेसातला हे खरंच घडतं.

मीटर कुठला? दुकानात दोन प्रकार समोर येतात, ५-३० अँपिअर आणि १०-६०. मोठा बरा असं सगळे म्हणतात. पण पहिला आकडा मूळ करंटचा आणि दुसरा जास्तीत जास्त करंटचा. मीटर मोजायला सुरुवात करतो ती मूळ करंटच्या अगदी छोट्या हिश्श्यापासून. मूळ करंट जेवढा कमी, तेवढा लहान लोडही पकडला जातो. रात्रभर चालणारा वायफायचा डबा आणि चार्जर मोजायचे असतील तर ५-३० बरा.

मग त्याच्या आधीचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, ३० च्या आतलाच हवा. मी २५ चा लिहिला होता, तो खोडला. एमसीबीवर २५ लिहिलं म्हणून तो २६ ला पडत नाही. १.४५ पट करंटला तो तासाभराच्या आत पडलाच पाहिजे, एवढीच त्याच्याकडून हमी. २५ चे होतात ३६, आणि तेवढा वेळ मीटर आपल्या मर्यादेबाहेर भाजत राहील. २० चे होतात २९. म्हणून २० अँपिअर, डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा). वायर ४ स्क्वेअर तांबं, एफआर (सहज पेट न घेणारी). खालून वर १४ मीटर. जाऊन-येऊन २८ मीटरात १७ अँपिअरला सव्वादोन-अडीच व्होल्ट पडतील, ते चालेल.

१० नोव्हेंबर, रविवार

खरेदी झाली. मीटर आयएस १३७७९ या भारतीय मानकाचा, क्लास १ अचूकतेचा, पुढे ३२०० इम्पल्स (दिव्याच्या लुकलुकी) प्रतियुनिट लिहिलेला. "विदाऊट बिल थोडा स्वस्त पडेल," दुकानदार म्हणाला. नको म्हटलं.

घरी आल्यावर टेबलावर मीटर उलटा ठेवून मल्टिमीटर लावला. हे काम कुणी करत नाही आणि करायला पाच मिनिटं लागतात. टर्मिनल चार, पण त्यांचा क्रम सगळ्या मीटरांत सारखा नसतो. माझ्या मीटरच्या झाकणाच्या आत छापलेला क्रम असा: फेज आत, न्यूट्रल आत, न्यूट्रल बाहेर, फेज बाहेर. म्हणजे १ आणि ४ आतून जोडलेले, २ आणि ३ आतून जोडलेले. मल्टिमीटरने बघितलं तर तसंच, दोन्ही जोड्यांत शून्य ओहम. दुसऱ्या प्रकारात १-२ ही फेजची जोडी असते आणि ३-४ न्यूट्रलची.

चुकलं तर काय होईल ते कागदावर काढलं. १-२ जोडी असलेल्या मीटरला माझ्या मीटरच्या क्रमाने वायरी लावल्या तर फेज आणि न्यूट्रल समोरासमोर येतात. स्विच वर केला की धडाका. ही चूक बरी, कारण ती लगेच कळते. उलट प्रकार वाईट. माझ्या मीटरला दुसऱ्या क्रमाने वायरी लावल्या तर काहीच धडाका होत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, फक्त वरच्या अख्ख्या मजल्यात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते. बटण बंद केलं तरी होल्डरात फेज जिवंत. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कळणार.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अर्थिंग. जुन्या कंपनीतून अर्थ टेस्टर एका दिवसासाठी मागून आणला. मागच्या दारी, तुळशीपलीकडे खड्डा आहे, त्यात कोळसा-मीठ घातलेली प्लेट. फनेलमध्ये मुंग्यांचं वारूळ. रीडिंग १८ ओहम. चार बादल्या पाणी ओतून दुपारी परत बघितलं तर ९.

मामा फोनवर म्हणाले, फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघ, लख्ख लागला की अर्थिंग झकास. सगळे वायरमन हेच करतात. मला ते पटत नाही. अर्थिंग खराब असेल तर तेवढ्या वेळात घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या पत्र्यावर, म्हणजे फ्रीज, गीझर, मोटर, सगळ्यांवर व्होल्टेज चढतं. परीक्षा आपली आणि शॉक दुसऱ्याला.

९ ओहम म्हणजे वाईट नाही अशी माझी समजूत होती. पण हिशोब मांडला: गीझरच्या बॉडीला फेज लागली तर २३० भागिले ९, म्हणजे साधारण साडेपंचवीस अँपिअर मातीत जाणार. ट्रान्सफॉर्मरकडचं अर्थिंग धरलं तर त्याहून कमी. सी प्रकारचा २० चा एमसीबी तडक पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात. साडेपंचवीसला तो तासभरसुद्धा बसून राहू शकतो, आणि तोवर गीझरचा पत्रा जिवंत. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला (जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटात फरक पडला की पडणाऱ्या स्विचला) मात्र ९ काय, १८ ओहमही पुरतात. यादीत आरसीसीबी वाढला. २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, वरच्या बोर्डात. बायको म्हणाली, मीटर बसवत होतात ना?

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सातला मतदान उरकलं. मामा साडेनऊला आले, तर्जनीवर शाई. माझ्याही.

मेन स्विच बंद केला, किटकॅट उपसून खिशात घातले, स्विचच्या दांड्याला कुलूप लावलं. मामा हसले. "घरात कोण येतंय चालू करायला?" दादाचा धाकटा येतो, त्याला वायफाय लागतं. कुलपाची किल्ली ज्याचे हात वायरीत आहेत त्याच्याकडे, ही कंपनीतली सवय. किल्ली मामांच्या खिशात दिली. खालच्या बोर्डाशेजारी दादाचा इन्व्हर्टर आहे. मेन बंद केल्याबरोबर त्याने इमानेइतबारे वीज द्यायला सुरुवात केली होती. तोही बंद करून बॅटरीची वायर सोडवली. माणसं मेन स्विच बंद करून निर्धास्त होतात, आणि इन्व्हर्टर कोपऱ्यात गुरगुरत असतो.

मेन स्विचच्या वरच्या बाजूच्या दोन वायरी अजूनही जिवंतच आहेत, त्या कंपनीच्या मीटरवरून येतात. तिथे रबरी चटईचा तुकडा अडकवला आणि लाल अक्षरात लिहिलं.

तपासणीची पद्धत: आधी शेजारच्या घरातल्या चालू प्लगवर मल्टिमीटर लावून तो ठीक आहे याची खात्री. मग आपल्या बोर्डावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मग परत शेजारच्या प्लगवर, की मधल्या वेळात मल्टिमीटरच मेला नाही ना. मामा नुसत्या निऑन टेस्टरवर काम करतात. टेस्टर पेटला तर वीज आहे असं धरून चालावं. पेटला नाही तर वीज नाही, हे खरं असेलच असं नाही.

जोडणी मामांनी सुंदर केली. २० चा डबल पोल एमसीबी, त्यातून मीटर, मीटरमधून पाईपमधून वर. वायर बारीक तारांची, म्हणून टोकाला पिन लग घालून क्रिंप केलं. काहीजण टोकाला सोल्डर ओततात. ते कथील स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, जोड ढिला होतो आणि ढिला जोड तापतो. प्रत्येक टर्मिनलला दोन स्क्रू. आतला आधी, बाहेरचा नंतर, मग परत आतला. प्रत्येक वायर ओढून बघितली. इन्सुलेशन स्क्रूखाली येता कामा नये आणि उघडं तांबं बाहेर दिसता कामा नये.

साडेबाराला चालू केलं. मीटरचा डिस्प्ले उजळला. वर जाऊन आरसीसीबी वर केला आणि तो लगेच पडला. परत वर, परत पडला. सगळे एमसीबी बंद केले तरी पडला. आमच्या मजल्यावर एकही वस्तू चालू नाही, आणि हा पडतोय. अण्णांनी खोलीतून आवाज दिला, "पंखा बंद पडला रे." थांबा अण्णा, काम चाललंय.

खाली मीटरवर "अर्थ" लिहिलेला लाल दिवा लुकलुकून गेलेला दादाने बघितला होता. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक पडला की तो दिवा लागतो.

मामांना जेवायला जायचं होतं. "हे आरसीसीबी काढून सरळ जोडून देतो. उगा ताप. जुन्या घरात टिकत नाही हे." मी नाही म्हटलं. तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. मग बोर्ड उघडला. आरसीसीबी पडलेला, म्हणजे त्याच्यापुढे फेज तुटलेली, न्यूट्रलही तुटलेली. पुढचं सगळं मेलेलं असायला हवं. फेजच्या पट्टीवर शून्य. सवय म्हणून न्यूट्रलच्या पट्टीवर मल्टिमीटर लावला. न्यूट्रल-अर्थ २२६ व्होल्ट.

मामांचा हात त्या पट्टीपासून वीतभर अंतरावर होता. त्यांच्या हातात पकड होती आणि ती न्यूट्रलचा स्क्रू आवळायला निघाली होती.

"इंडक्शन असंल," मामा म्हणाले, पण हात मागे घेतला. शेजारून चाललेल्या वायरीमुळे मल्टिमीटर फसवा आकडा दाखवतो हे खरं आहे. फसव्या व्होल्टेजला लोड दिला की ते कोसळतं. मामांनी टेस्ट लॅम्पची दोन टोकं लावली, एक त्या पट्टीवर, दुसरं आरसीसीबीच्या अलीकडच्या न्यूट्रलवर. बल्बची तार जेमतेम लालसर झाली. आणि अण्णांच्या खोलीतून आवाज, "हां, चालू झाला."

पंखा फिरायला लागला होता.

दोघंही खाली बसलो. मामांनी जेवायचं नाव काढलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

उलगडा. भारनियमनाच्या काळात दादाने इन्व्हर्टर घेतला तेव्हा अण्णांच्या खोलीतला पंखा आणि एक दिवा इन्व्हर्टरवर घेतला होता. फेज खालून, दादाच्या इन्व्हर्टरमधून एकच वायर वर आणलेली. न्यूट्रल मात्र वरच्याच पट्टीवरची वापरली, कारण तेव्हा घरभर न्यूट्रल एकच होती. एक वायर वाचली. त्या काळी यात काही बिघडत नव्हतं, करंट फिरून त्याच पितळी पट्टीवर यायचा.

आता वरची न्यूट्रल मी वेगळी केली. पंख्यात करंट जातो दादाच्या फेजमधून, परत येतो माझ्या मीटरमधून आणि आरसीसीबीमधून. ७५ वॅटचा पंखा, ०.३३ अँपिअर, म्हणजे ३३० मिलिअँपिअर. आरसीसीबी ३० ला पडतो. तो पडला की न्यूट्रल तुटते, पंख्याच्या गुंडाळीतून फेज येऊन न्यूट्रलच्या पट्टीवर थांबते आणि कुणाच्या तरी हातातून जमिनीत जायची वाट बघते. मध्ये पंखा आहे म्हणून करंट ०.३३ च्या वर जाणार नाही, पण माणसाला तेवढा नको इतका होतो.

आरसीसीबी सरळ जोडून दिला असता तर सगळं छान चाललं असतं. मीटर चालला असता, पंखा फिरला असता. पुढे कधीतरी कुणी वरचा मजला बंद करून काम काढलं असतं तेव्हा बघायचं.

तोवर अण्णांचा पंखा बंद, इन्व्हर्टरची वर जाणारी फेज खालीच सोडवून टेप लावून ठेवली. अण्णांना टेबल फॅन दिला. डास फार आहेत.

२४ नोव्हेंबर, रविवार

पंखा कुणाच्या मीटरवर घ्यायचा? सोपं म्हणजे वरच्या फेजवर टाकायचा आणि इन्व्हर्टर विसरायचा. दादाने ऐकलं नाही. "लाईट गेली की अण्णांना घामाघूम करणार काय? माझ्याच इन्व्हर्टरवर ठेव." मग खालून फेज आणि न्यूट्रल अशी दीड स्क्वेअरची पूर्ण जोडी वेगळ्या पाईपमधून अण्णांच्या खोलीपर्यंत आणली. वरच्या पट्टीशी तिचा संबंध नाही. दोन्ही टोकांना चिठ्ठी: "खालचा इन्व्हर्टर. वरचं बंद केलं तरी चालू." अण्णांच्या खोलीतल्या स्विचबोर्डावरही तीच, मोठ्या अक्षरात.

मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) ५०० व्होल्टचा. मीटर सोडवून, सगळे प्लग काढून, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजलं. किमान १ मेगाओहम हवा. वरच्या सगळ्या लायनी ४० च्या पुढे, गीझरची लाईन गीझरसकट ०.६. गीझर सोडवला की ५०. कॉईल गेली. नवी टाकली.

चालू केलं. आरसीसीबी बसला. त्याचं टेस्ट बटण दाबलं, पडला, परत वर केला. क्लॅम्प मीटरच्या (वायरीभोवती धरून करंट मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र धरल्या: ०.००, म्हणजे गेलेला सगळा करंट परत येतोय. गीझर, इस्त्री, मिक्सर चालू करूनही ०.००. बुधवारी ही तपासणी आधी केली असती तर तिथेच ०.३३ दिसला असता. मामांनी क्लॅम्प मीटर कुठे मिळतो ते विचारलं.

१ डिसेंबर, रविवार

मीटर बरोबर मोजतो का? शंभरचे दोन जुने बल्ब लावले. व्होल्टेज २२६. एवढ्या कमी करंटला क्लॅम्प मीटरवर भरवसा नाही, म्हणून एकेरी वायरचे दहा वेढे जबड्यातून घेतले: ८.५, म्हणजे खरा ०.८५ अँपिअर. १९२ वॅट. मीटरचा दिवा वीस वेळा लुकलुकायला ११८ सेकंद लागले. वीस लुकलुकी म्हणजे ३२०० भागातले वीस, ६.२५ वॅट-तास. हिशोबाने ११७ यायला हवे होते. एका सेकंदाची चूक माझ्या अंगठ्याची असेल.

इस्त्रीवर ही परीक्षा घेऊ नये, तिचा थर्मोस्टॅट मध्येच चालू-बंद होतो. मी घेतली, अर्धा तास गेला.

सकाळी गीझर वीस मिनिटं चालवून बंद केला, एमसीबी पाडला, तपासलं, मग टर्मिनलला हात लावून बघितला. कोमटसुद्धा नाही. स्क्रू पुन्हा आवळून बघितले, एकच पाव फेरी गेला.

४ डिसेंबर, बुधवार

कंपनीचा रीडिंगवाला आला. त्याच वेळी सब-मीटरचा फोटो काढला: ४६.२. पुढचे फोटोही त्याच दिवशी, नाहीतर दोन आकडे दोन वेगळ्या महिन्यांचे होतात.

४ जानेवारी २०२५, शनिवार

सब-मीटर १७३.५. आमचे १२७.३ युनिट. बिलावर ३३८. म्हणजे दादाकडे २११ च्या आसपास, अण्णांचा पंखा धरून.

आता नवा पेच. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत त्याहून महाग, ३०० च्या वर आणखी महाग. ३८ युनिट तिसऱ्या टप्प्यात गेले. ते कुणाचे? वेगळे मीटर असते तर दोघांपैकी एकही तिसऱ्या टप्प्यात गेला नसता. वहिनी म्हणाल्या, तुमचे १२७ नसते तर आमचं बिल ३०० च्या वर गेलंच नसतं. बायको म्हणाली, तसं तर आमचंही. शेवटी स्थिर आकार निम्मा-निम्मा, आणि वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क हे सगळं युनिटच्या प्रमाणात. आमच्या वाट्याला ३७.७ टक्के. आजवर ५० देत होतो.

दादाने कागद दोनदा बघितला. मग म्हणाला, अण्णांच्या पंख्याचे वेगळे काढायचे नाहीत. मी म्हटलं, काढलेच नाहीत.

दुपारी लाईट गेली. वर अण्णांच्या खोलीत पंखा चालू होता.